कुंभार्ली घाटात जुनी झेन तापते, रोज पाणीही लागतं: आधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २००३ ची पेट्रोल झेन, वडिलांनी हौसेने घेतलेली. साताऱ्यात रोजच्या वापरात तक्रार नाही. मे महिन्यात गुहागरकडे गावी जाता, आणि परत येताना पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाट चढायला लागलात की अर्ध्या घाटात काटा लाल रेघेकडे सरकतो. एसी बंद करून, मुलांना खाली उतरवून थांबावं लागतं. मेकॅनिक म्हणतो, ‘जुनी गाडी आहे, रोज सकाळी अर्धी बाटली पाणी टाकत जा. थर्मोस्टॅट काढून टाकू, म्हणजे थंड राहील.’ आता तुम्ही विचारताय की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाण्याची वाट अडवणारा व्हॉल्व्ह, काढू का, आणि जमलं तर मोठा रेडिएटर बसवू का.

दोन्ही करू नका. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय: रोज अर्धी बाटली पाणी लागतं. गाडीची कूलिंग सिस्टिम बंद असते. तिला पाणी लागायलाच नको. धडधाकट गाडीत वर्षभरात रिझर्व बाटलीत कपभर टाकावं लागलं तर लागलं. तुमच्या झेनमध्ये सगळं मिळून साडेतीन-चार लिटर पाणी बसतं. त्यातलं रोज अर्धा लिटर जात असेल तर ते कुठून तरी निघून जातंय. रोज सकाळी ते भरून काढणं ही देखभाल नव्हे, गळती लांबवणं आहे. घाटातला त्रास हा वेगळा आजार नाही, याच आजाराचा ताप आहे.

कराडात माझं गॅरेज आहे, तीस वर्षं होत आली. कुंभार्ली चढून आलेल्या तापलेल्या गाड्या दर मे महिन्यात माझ्या दारात येतात. त्यातल्या बहुतेकांचं पाणी आधी कित्येक महिने थोडं थोडं जात होतं, आणि मालकाला ते माहीतही होतं.

सुरुवात रेडिएटरच्या झाकणापासून करा, कारण ते सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात कमी लोक ते बघतात. झाकण हे नुसतं झाकण नाही, प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा तो व्हॉल्व्ह आहे. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. ०.९ म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा ०.९ बार जास्त दाब तो आत धरून ठेवतो. या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, आणि निम्मं कुलंट (पाण्यात मिसळायचं रसायन) निम्मं पाणी असेल तर १२५ च्या पुढे. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग ढिली पडली, की दाब धरला जात नाही. मग घाटात पाणी शंभराच्या थोडं वर गेलं की हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला, त्याची वाफ व्हायला लागते. वाफ धातूची उष्णता पाण्यासारखी ओढून घेत नाही. तेवढी जागा भाजायला लागते, आणखी वाफ होते, आणि तीच वाफ पाण्याला ढकलून बाहेर काढते. सपाट रस्त्यावर हीच गाडी ९० अंशांवर चालते, त्यामुळे झाकण वाईट असल्याचं कळतच नाही.

या झाकणाला आणखी एक छोटा व्हॉल्व्ह असतो, उलट्या दिशेचा. गाडी तापली की पाणी फुगतं आणि थोडं रिझर्व बाटलीत जातं. गाडी थंड झाली की पाणी आकसतं आणि त्या छोट्या व्हॉल्व्हमधून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. तो व्हॉल्व्ह अडकला, किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक पाइपला चीर गेली, तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. मग होतं असं की बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर दोन बोटं रिकामा असतो. मालक रोज बाटलीकडे बघून समाधानी. म्हणून तुम्हाला सांगतो, जुन्या गाडीत बाटलीवर विश्वास ठेवू नका. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का ते डोळ्यांनी बघा. रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज पाइप सकाळी चपटा झालेला दिसला तरी दोष याच व्हॉल्व्हचा. नवं झाकण दोन-तीनशे रुपयांत येतं. घेताना मूळ झाकणावरचाच आकडा बघून घ्या. जास्त दाबाचं झाकण बसवलं की जास्त थंड राहील असं कोणी सांगेल, त्याचं ऐकू नका. वीस वर्षांच्या पाइपांना आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तो दाब सोसत नाही.

झाकण बदलूनही पाणी जात असेल तर गळती शोधायची. रेडिएटरच्या तोंडावर हातपंप लावून झाकणावरच्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि दहा मिनिटं पंपावरचा काटा बघत बसायचं. हा पंप प्रत्येक बऱ्या गॅरेजमध्ये असायला हवा. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जा. काटा उतरला की टॉर्च घेऊन खाली शिरायचं. होज पाइपच्या क्लिपांखाली पांढरी किंवा हिरवट खपली दिसते का बघा. वॉटर पंपाला, ज्याला आमच्याकडे सर्रास वॉटर बॉडी म्हणतात, खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. सील गेलं की तिथून थेंब येतात आणि वाळून रेघ उमटते. ते भोक कोणी एम-सील लावून बुजवलेलं असेल तर त्याने तुमचं नुकसान केलंय, कारण आता तेच पाणी बेअरिंगमध्ये जातंय. पुली हाताने हलवून बघा, जराही खेळ लागला की पंप बदलायचा. झेनमध्ये पंप काढायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो. त्यामुळे बेल्टची वेळ जवळ आली असेल तर दोन्ही एकदम करा, मजुरी एकदाच पडते. पंप घेताना आतलं पातं हातात धरून बघा. स्वस्तातल्या काही पंपांना पातळ पत्र्याचं पातं असतं आणि ते शाफ्टवर सैल पडलेलं मी पाहिलंय. बाहेरून पुली फिरते, आत पाणी जागचं हलत नाही.

इंजिनच्या मागच्या बाजूला, इनटेकच्या खाली, बोटाएवढ्या जाडीचे छोटे पाइप असतात. ते कोणालाच दिसत नाहीत. वरचा आणि खालचा मोठा होज लोक बदलतात, हे छोटे वीस वर्षं तसेच राहतात. घाटात फुटतात ते हेच. पाइप चिमटीत दाबून बघा. दगडासारखा कडक लागला, कुरकुरला, किंवा तेलाने फुगून पिलपिलीत झाला असला की गेला. पाइप मी पाच-सहा वर्षांनी सगळे एकदम बदलतो, क्लिपांसकट.

बाहेर कुठेच गळती नसेल तर आतला विचार करावा लागतो. डाव्या सीटपुढचा गालिचा ओला, काचेवर आतून चिकट धुकं, गोडसर वास, म्हणजे हीटरचा कोर, म्हणजे त्यातला छोटा रेडिएटर, गळतोय. पुष्कळ जुन्या गाड्यांत हा कोर गळला की मेकॅनिक दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटरच बंद करून टाकतो. तुमच्या गाडीत असं केलंय का ते बघून घ्या, कारण घाटात हीटर हा तुमचा दुसरा रेडिएटर आहे. त्याबद्दल पुढे लिहितो.

आणि शेवटची शक्यता हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि खालच्या ब्लॉकमधल्या सीलची. हे नाव ऐकलं की लोक घाबरतात, पण हेड उचलण्याआधी घरी करता येण्यासारख्या तपासण्या आहेत. सकाळी थंड इंजिनला झाकण उघडं ठेवून गाडी सुरू करा आणि पाण्याकडे बघा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण पाच मिनिटांनंतरही सोड्यासारखे सारखे बुडबुडे येत राहिले, रेस दिल्यावर वाढले, तर सिलेंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. झाकण लावून थंड गाडी सुरू केली आणि दोनच मिनिटांत वरचा होज टणक झाला, तरी तेच. पाणी अजून गरमच नाही, मग दाब आला कुठून? डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ झालंय का बघा. तेल भरायच्या झाकणाखाली पावसाळ्यात थोडी पांढरी साय दिसते, विशेषतः गाडी जवळच्या जवळ फिरत असेल तर. एवढ्यावरून हेड उचलू देऊ नका. निळ्या द्रवाची एक तपासणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात, जळलेला गॅस असेल तर निळा द्रव पिवळा होतो. ती करून घ्या आणि मगच निर्णय घ्या.

हेड उचलावंच लागलं तर एका गोष्टीवर अडून बसा. झेनचं इंजिन हेडसकट पूर्ण ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि जास्त तापलं की हेड वाकतं. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त वाक चालत नाही. माणसाचा केससुद्धा याहून जाड असतो. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून, आडवं, उभं, तिरपं, तुमच्यासमोर मोजायला सांगा. न मोजता नुसतं गॅस्केट बदलून दिलं तर सहा महिन्यांत परत तिथेच याल. हेडचे बोल्टही टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्याने), मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने आवळायचे असतात. अंदाजाने पाना मारणाऱ्याला हे काम देऊ नका.

आता समजा गळती मिळाली, बंद झाली. तरीही घाटात काटा चढतो. मग मी गिऱ्हाइकाला एकच विचारतो: गरम नेमकी केव्हा होते? याच्या उत्तरावर निम्मं काम ठरतं.

उभ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये तापते आणि चालायला लागली की उतरते, तर दोष फॅनकडे. रेडिएटरमधून हवा जात नाहीये. उलट शहरात ठीक, पण हायवेला ऐंशीच्या वर नेली की काटा चढतो, तर हवा भरपूर आहे आणि पाणी कमी पडतंय. म्हणजे रेडिएटरच्या नळ्या आतून चोंदल्यात, पंप कमजोर आहे, किंवा खालचा होज ओढीने आत चेपतोय. सुरू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच तापली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड गॅस्केट. पाण्याचं काम केल्यावर लगेच काटा वरखाली उड्या मारायला लागला, तर आत हवा अडकलीय. आणि तुमच्यासारखी फक्त घाटात तापते, तर सगळंच थोडं थोडं थकलेलं असतं. साताऱ्यात इंजिनवर फारसा भार नाही, त्यामुळे अर्धा चोंदलेला रेडिएटरही पुरतो. चिपळूण जवळपास समुद्रसपाटीला आणि घाटमाथा सुमारे सहाशे मीटरवर. भरलेली गाडी, दुसरा गिअर, पंचवीसचा वेग, एसी चालू, दुपारचे दोन. इंजिन पूर्ण ताकद लावतंय आणि समोरून वारा जवळपास नाही. पेट्रोल जाळून निघालेल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा पाण्यातून बाहेर टाकावा लागतो. तेव्हा मात्र अर्धा रेडिएटर पुरत नाही. मोठा रेडिएटर बसवून हे झाकता येतं, पण कंपनीने दिलेला रेडिएटर नवी असताना हाच घाट चढत होता. तोच नीट करा.

फॅनबद्दल थोडं सांगतो, कारण इथे फार घोळ होतो. एसी बंद ठेवून गाडी जागेवर सुरू ठेवा. काटा मध्याच्या थोडा वर गेला की फॅन आपोआप लागला पाहिजे आणि थोड्या वेळाने बंद झाला पाहिजे. लागलाच नाही तर फ्यूज, रिले, मग टेंपरेचर स्विच किंवा सेन्सर, मग मोटर, या क्रमाने बघा. पुष्कळ ठिकाणी एवढं शोधायचा कंटाळा करून फॅन डायरेक्ट करतात, चावी फिरवली की फॅन चालू. मग मोटरचे कार्बन लवकर झिजतात, फॅन फिरतो पण जीव नसतो, आणि घाटात नेमका दगा देतो. फॅन बदललेला असेल तर आणखी एक पाहा: तो उलटा तर फिरत नाही ना? दोन वायरी उलट जोडल्या की पाती उलटी फिरतात आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच ढकलतात. फॅन चालू असताना जाळीसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. तो आत ओढला जाऊन जाळीला चिकटला पाहिजे. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं तुटलं म्हणून कोणी काढून टाकलं असेल तर ते परत बसवा. त्याच्याशिवाय फॅन रेडिएटरच्या मधल्या गोलापुरतीच हवा ओढतो.

रेडिएटर बाहेरून स्वच्छ करणं हे काम तुम्ही घरी करू शकता. आपल्या भागात गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवली की पाचटाचा भुगा, धूळ, किडे सगळं समोरच्या जाळीत जातं. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर मागे, या दोघांच्या फटीत नमद्यासारखा थर बसतो. समोरून बघितलं तर कंडेन्सर चकचकीत दिसतो, मागे काय आहे कळत नाही. बागेच्या पाइपने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारा, हळूहळू, मळ निघायचा थांबेपर्यंत. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने मारू नका, बारीक पंख वाकतात आणि वाट कायमची बंद होते.

आतून चोंदण्याचं कारण पाणी. माण-खटावकडून येणाऱ्या गाड्यांचे रेडिएटर मी उघडतो तेव्हा नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षाराने भरलेली असतात. बोअरचं पाणी चहाच्या भांड्यात जे करतं तेच इथेही करतं. मिलिमीटरभर क्षारही उष्णता अडवून धरतो. तुम्ही रोज अर्धा लिटर टाकताय, म्हणजे रोज नवा क्षार आणि नवा प्राणवायू आत घालताय, आणि कुलंट पातळ होत चाललंय ते वेगळंच. रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर जुना कारागीर टाक्या उघडून नळ्यांत सळया मारून साफ करून देतो, गळकी जागा झाळूनही देतो. ही कला जाणणारी माणसं आता मोजकी उरलीत, आणि तुमच्याकडे असा माणूस असेल तर त्याच्याकडेच जा. ॲल्युमिनियमचा कोर आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतील तर मात्र साफसफाईवर पैसे घालू नका, नवा घ्या. धुण्यासाठी कोणी कॉस्टिक किंवा धुण्याचा सोडा टाकतो म्हणाला तर तिथून गाडी घेऊन या. ते ॲल्युमिनियम खातं, आणि तुमचं अख्खं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे. गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी ट्रकवाल्यांची युक्तीही इथे नको. हळद भोक बुजवते तशी नळीही बुजवते. जंगलात रात्री अडकलात आणि दुसरा इलाज नाही, तर टाका, पण घरी आल्यावर सगळं धुवून काढा.

कुलंट म्हणजे थंडीतल्या देशांची चैन, आपल्याला कशाला, असं मला अजूनही ऐकावं लागतं. आपल्याला ते गोठू नये म्हणून नको, गंजू नये म्हणून हवं. त्यातली रसायनं ॲल्युमिनियमला जपतात, पंपाचं सील जपतात, आणि उकळण्याचा बिंदू वर नेतात. घट्ट कुलंट मिळतं त्यात निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं. तयार मिसळलेलं मिळतं त्यात काहीही मिसळायचं नाही. निव्वळ घट्ट कुलंटच भरलं तर जास्त चांगलं असं नाही. ते पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं, गाडी उलट जास्त तापते. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा रंग कंपनी आपल्या मर्जीने देते. डब्यावर काय प्रकार आणि किती वर्षांचा लिहिलाय ते वाचा, आणि दोन प्रकार एकत्र करू नका. जुन्या पद्धतीचं हिरवं कुलंट दोन वर्षांनी किंवा चाळीस हजार किलोमीटरला बदलायचं. काढलेलं कुलंट अंगणात किंवा गटारात सोडू नका. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. माझ्या गॅरेजमागचं एक कुत्रं असं गेलं, तेव्हापासून मी झाकणाचा कॅन ठेवलाय.

थर्मोस्टॅटचं आता सांगतो. तुमच्या मेकॅनिकचा समज फार जुना आणि फार पसरलेला आहे: आपल्याकडे उन्हाळा, याची गरज काय? थर्मोस्टॅट गाडी गरम करत नाही. तो इंजिनला योग्य तापमानावर आणतो आणि मग वाट उघडतो. त्याच्या अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा असतो, त्या तापमानाला तो उघडायला लागतो. तो काढला तर साताऱ्यात हिवाळ्यात तुमची गाडी धड तापणारच नाही. कॉम्प्युटरला वाटत राहतं इंजिन थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडतो, ॲव्हरेज पडतं, जास्तीचं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, पिस्टनच्या रिंगा झिजतात. आणि घाटात फायदा? पूर्ण उघडलेला थर्मोस्टॅट आणि काढलेला थर्मोस्टॅट यांत घाटात फारसा फरक उरत नाही. म्हणजे ज्या कामासाठी काढला ते काम होतच नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याने थर्मोस्टॅट तळाला न टेकवता लोंबकळत सोडा, थर्मामीटर ठेवा आणि गॅसवर तापवा. आकड्याच्या आसपास उघडायला लागला, पुढे आठेक मिलिमीटर उघडला आणि थंड झाल्यावर पूर्ण मिटला तर तो चांगला. नाहीतर नवा बसवा. बसवताना त्यावरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा. हवा तिथून सुटते.

हवा काढणं हे शेवटचं काम, आणि घाईत तेच राहून जातं. गाडी चढावर, नाक वर करून लावा. हीटरचा खटका पूर्ण गरमवर. झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा, इंजिन जागेवर सुरू ठेवा, मधूनमधून वरचा होज दाबा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरा. फॅन दोनदा लागून बंद झाला की झाकण लावा, बाटली दोन रेघांच्या मध्ये भरा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत पातळी बघा.

मे महिन्यात घाटात जाण्याआधी हे सगळं झालं तर तुमचा काटा मध्यावरच राहील. तरीही कधी चढायला लागला तर काय करायचं ते पाठ असू द्या. अर्ध्याच्या वर जाताना दिसला की लाल रेघेची वाट न बघता एसी बंद. काचा खाली, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण. मे महिन्याच्या दुपारी हे अंगावर येतं, पण इंजिनची उष्णता तेवढी बाहेर पडते. तिसऱ्या गिअरमध्ये रडत चढवू नका. दुसऱ्यात घ्या, इंजिन मोकळं फिरू द्या, पंप आणि पाणी जोरात फिरतं. तरी चढतोच तर रुंद जागा बघून बाजूला लावा. बॉनेटमधून वाफ नसेल आणि फॅन चालू असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं जागेवर चालू द्या. वाफ येत असेल, पाणी वाहत असेल, तर त्याच क्षणी बंद करा.

आणि एक गोष्ट जीवावर बेतणारी नसली तरी इंजिनच्या जीवावर बेतते. लाल रेघेकडे गेलेला काटा अचानक खाली आला, हीटरमधून एकदम थंड हवा यायला लागली, तर हायसं वाटून पुढे जाऊ नका. सेन्सरला पाणी लागत नाहीये, म्हणून काटा पडलाय. आत पाणीच उरलेलं नाही. पाटणजवळून एकजण असाच पुढे आला होता, काटा उतरला म्हणून. कराडात टोचन करून आणलेली ती गाडी मी उघडली तेव्हा पिस्टन सिलेंडरला खरवडून अडकलेले होते. काटा उतरला तेव्हाच थांबला असता तर फुटलेला एक पाइप बदलून घरी गेला असता.

थांबल्यावर झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. आतलं पाणी शंभराच्या वर आहे आणि दाबाखाली आहे. झाकण सुटलं की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. तोंड आणि हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येकाने फडकं धरूनच उघडलं होतं. वरचा होज हाताने आरामात धरता येतो एवढा थंड झाला, दाबला तर मऊ लागला, की मगच. तेव्हाही जाड फडकं, आधी पहिल्या खाचेपर्यंत, दाब जाऊ द्या, मग पूर्ण. तापलेल्या इंजिनवर बाहेरून थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. आत भरताना इंजिन जागेवर सुरू ठेवून बारीक धारेने भरा. घाटात जाताना डिकीत पाच लिटर पिण्याचं पाणी, एक होज क्लिप, पाना आणि जाड फडकं असू द्या. चाकाला दगड लावाल तर निघताना तो उचलून कडेला टाका. कुंभार्लीत रात्री मोटरसायकलवाले अशा दगडांवर आपटलेले मी पाहिलेत.

तुमची गाडी पंधरा वर्षं उलटल्यावर पुन्हा नोंदणी करून, ग्रीन टॅक्स भरून तुम्ही ठेवली आहे, म्हणजे तुमचा जीव आहे तिच्यावर. तेव्हा पैसे या क्रमाने घाला: आधी नवं झाकण आणि हातपंपाची तपासणी, मग जिथे गळतंय ते, मग सगळे होज आणि फॅन बेल्ट, म्हणजे वॉटर पंप फिरवणारा पट्टा. बेल्ट अंगठ्याने दाबला तर सहा ते नऊ मिलिमीटर दबावा, त्याहून सैल नको. त्यानंतर रेडिएटर, थर्मोस्टॅट, आणि सगळ्यात शेवटी ताजं कुलंट. कुलंट आधी भरलं तर ते गळतीतून रस्त्यावर जाईल. पुढचे आठ दिवस रोज सकाळी थंड इंजिनवर झाकण उघडून किती मिलिलिटर बसलं ते तारखेसह लिहून ठेवा, मुलांच्या औषधाच्या मापाने मोजलं तरी चालेल. आठव्या दिवशी तो आकडा शून्य असेल तर गावी जा. वीस-पंचवीस मिलिलिटरही रोज बसत असेल तर निळ्या द्रवाची तपासणी करून घ्या आणि तोपर्यंत घाट टाळा.